वेदनेचा उतार आणि विषाचा उतार : उष्णता, स्थानिक भूल व रायगड जिल्ह्यातील दंशचिकित्सेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबई–गोवा महामार्गाने वडखळ सोडून नागोठण्याच्या दिशेने निघाल्यावर पेण तालुक्यातील कासू हे गाव लागते. पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण व नागोठणे यांच्या दरम्यान याच नावाचे स्थानक आहे. या परिसराच्या एका अंगास अंबा नदीचे भरती-ओहोटीचे पात्र व खारेपाटाची जमीन असून दुसऱ्या अंगास सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या टेकड्या आहेत. भातशेती हा येथील जीवनाचा आधार होय. बांधावरचे दगड, रचून ठेवलेला पेंढा, लाकूडफाटा आणि कौलारू घरांच्या भिंती यांच्या फटीत विंचवास आसरा मिळतो. खाडीच्या उथळ पाण्यात उतरणाऱ्यास पाकट आणि शिंगाळा या माशांच्या विषारी काट्यांचे भय असते. रायगड जिल्ह्यातील शेतकरी व कोळी या दोघांनाही दंशाची वेदना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे.

अशा प्रसंगी रुग्णाचा व त्याच्या नातलगांचा पहिला प्रश्न वेदनेचा असतो. ती थांबेल कशी, आणि थांबली तर किती वेळ थांबेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परंपरेने उष्णतेत शोधले, तर आधुनिक वैद्यकाने ते स्थानिक भुलीच्या औषधात शोधले. भूल फार लवकर उतरते ही अडचण लक्षात आल्यावर तिचा काळ वाढविण्यासाठी दोरी, रसायन, मिश्रण व उष्णता अशा अनेक साधनांचा वापर झाला. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा मागोवा घेतला असून रायगड जिल्ह्यातील दंशचिकित्सेच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन केले आहे. वेदनेचा उतार आणि विषाचा उतार या दोन भिन्न घटना आहेत, आणि हा भेद ओळखल्यामुळेच या जिल्ह्यातील विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचू लागले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उष्णतेची परंपरा

विषबाधेवर उष्णतेचा उपयोग भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील विषचिकित्सेच्या अध्यायात विंचवाच्या दंशावर स्वेदन, तूप व मीठ यांचा अभ्यंग आणि उष्ण सेक सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केलेले आढळतात. सर्वच विंचू सारख्या प्रमाणात घातक नसतात, हे निरीक्षण त्या काळीही झालेले होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

मराठी भाषेनेही या अनुभवाची नोंद ठेवली आहे. विंचू ‘चढतो’ आणि तो ‘उतरवावा’ लागतो. मांत्रिकास ‘विंचू उतरविणारा’ म्हटले जाई. संत एकनाथांनी विंचवाच्या दंशावर भारुड रचून कामक्रोधाचे रूपक उभे केले, ते श्रोत्यांना सहज उमगले. कारण ही वेदना घरोघरी ठाऊक होती. गावठी उपचारांत शेक देणे, डाग देणे, पाला ठेचून बांधणे व दंशाच्या वर चिंधी अथवा दोरी आवळणे हे प्रकार रूढ होते.

हे उपचार इतका दीर्घकाळ का टिकले, याचे उत्तर वेदनेच्या स्वाभाविक क्रमात आहे. बहुतांश विंचूदंशांत विषबाधा दंशाच्या जागेपुरती मर्यादित राहते आणि वेदना काही तासांत, फार तर एका दिवसात, आपोआप ओसरते. अशा वेळी जो उपचार केलेला असेल त्याच्या पदरात यश पडते. ज्या थोड्या रुग्णांत विष शरीरभर भिनते, त्यांचा मृत्यू मात्र दैवाच्या माथी मारला जाई.

या उपायांची शास्त्रीय छाननी विसाव्या शतकात सुरू झाली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेशी संबंधित असलेले जे. एफ. कायस आणि के. एस. म्हसकर यांनी सर्पदंशावरील देशी वनस्पतींची प्रायोगिक तपासणी केली व १९३२ मध्ये भारतीय विंचवांविषयीच्या टिपणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांत विश्वास असलेले औषध विषावर खरोखर चालते किंवा कसे, हे मोजून पाहण्याची दृष्टी या कार्यामागे होती.

स्थानिक भूल आणि तिच्या काळाचा प्रश्न

शरीराचा एखादाच भाग बधिर करण्याचे शास्त्र १८८४ मध्ये जन्मास आले. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखविले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेत त्यांचे निवेदन वाचले गेले. पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष चेतातंतूजवळ कोकेन टोचून त्या चेतेच्या अखत्यारीतील सर्व भाग बधिर करण्याची रीत आणली. यासच पुढे चेतारोध असे नाव मिळाले.

कोकेनचे दोन दोष लवकरच ध्यानात आले. ते विषारी व व्यसन लावणारे होते, आणि त्याचा परिणाम अल्पकाळ टिकत असे. न्यूयॉर्कचे लिओनार्ड कॉर्निंग यांनी १८८५ मध्ये या दुसऱ्या दोषावर उपाय सुचविला. औषध टोचल्यानंतर अवयवाचा रक्तप्रवाह बांधून रोखला, तर औषध त्या जागीच राहते व बधिरता लांबते, असे त्यांनी दाखविले. चेतारोधाचा काळ वाढविण्याच्या प्रयत्नांचा आरंभ येथे मानता येईल. कॉर्निंग यांनी औषध जागेवर राहावे म्हणून अवयव बांधला. कोकणातील शेतकरी विष वर चढू नये म्हणून तो बांधत आला. कल्पना एकच, परंतु दुसऱ्या ठिकाणी तिचा लाभ सिद्ध झाला नाही. आवळलेल्या दोरीने अवयवाची हानी होण्याचाच धोका असल्यामुळे विंचूदंशात ती बांधू नये, असा आजचा सल्ला आहे.

दोरीची जागा पुढे रसायनाने घेतली. ॲड्रेनालिन हा स्राव शुद्ध स्वरूपात उपलब्ध झाल्यावर जर्मन शल्यवैद्य हाइनरिख ब्राउन यांनी १९०३ मध्ये तो स्थानिक भुलीच्या औषधात मिसळला. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध रक्तात सावकाश शोषले जाते, बधिरता लांबते आणि विषारी परिणामही घटतो. ब्राउन यांनी यास रासायनिक बंधाची उपमा दिली. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तयार केलेले प्रोकेन १९०५ मध्ये वापरात आले. ते कोकेनपेक्षा सुरक्षित असले तरी अल्पजीवी होते, म्हणून ॲड्रेनालिनची जोड त्यास आवश्यकच ठरली.

स्वीडनमध्ये निल्स लोफ्ग्रेन यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केले व १९४८ पासून ते बाजारात आले. भारतात ते ‘झायलोकेन’ या व्यापारी नावाने सर्वपरिचित झाले. साध्या लिग्नोकेनची बधिरता सामान्यतः एक ते दोन तास टिकते. १९५७ मध्ये स्वीडनमध्येच बुपिव्हाकेन तयार झाले, आणि त्याने हा काळ चार ते आठ तासांपर्यंत नेला. मात्र काळाबरोबर धोकाही वाढला. बुपिव्हाकेन चुकून रक्तवाहिनीत गेल्यास हृदय एकाएकी थांबू शकते, याकडे अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. त्यानंतर रोपिव्हाकेनसारखी तुलनेने सौम्य औषधे आली. क्लोनिडिन, डेक्सामेथासोन व डेक्समेडेटोमिडिन यांची जोड देऊन बधिरता काही तासांनी लांबविण्याची पद्धतही रूढ झाली. सूक्ष्म मेदगोलकांत साठवून हळूहळू सुटणाऱ्या बुपिव्हाकेनला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

उष्णता आणि भूल यांचा संयोग

या इतिहासात उष्णतेचे स्थान कोणते, याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे; कारण उष्णता व भूल एकत्र आणल्यास परिणाम निश्चितच वाढेल, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे.

स्थानिक भुलीचे औषध शरीरात दोन रूपांत असते. विद्युतभार नसलेले रूप चेतातंतूच्या आवरणातून आत शिरते, तर भारित रूप आतून सोडियमच्या मार्गिका बंद करते. तापमान वाढल्यावर भार नसलेल्या रूपाचे प्रमाण वाढते. त्यामुळे शरीराच्या तापमानापर्यंत कोमट केलेले औषध टोचल्यास बधिरता लवकर चढते आणि टोचतानाची आगही कमी होते. परंतु लवकर चढणे म्हणजे अधिक काळ टिकणे नव्हे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो आणि औषध त्वरेने वाहून जाण्यास मदतच होते. कॉर्निंगची दोरी व ब्राउन यांचे ॲड्रेनालिन जे साधत होते, त्याच्या नेमके उलट हे कार्य आहे. प्राण्यांच्या चेतातंतूंवरील प्रयोगांत तर थंडावा दिल्याने भुलीच्या औषधांचा प्रभाव वाढतो असे दिसून आले आहे. दंशाच्या जागी बर्फ लावण्याच्या पद्धतीस यातून काहीसा शास्त्रीय आधार मिळतो.

त्वचेवरून औषध आत पोचविण्याच्या कामी मात्र उष्णता उपयुक्त ठरली. लिग्नोकेन व टेट्राकेन प्रत्येकी ७० मिलिग्रॅम असलेली एक पट्टी २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. हवेतील प्राणवायूशी संपर्क येताच पट्टीतील मिश्रण तापते व त्वचा सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उबदार होते. या उबेमुळे औषध त्वचेतून लवकर आत जाते आणि वीस ते तीस मिनिटांत सुई टोचण्याइतकी बधिरता येते. येथेही उष्णतेचे काम औषधास वाट करून देण्याचे आहे.

उष्णतेने चेतारोध खऱ्या अर्थाने लांबविल्याची दोन उदाहरणे देता येतात. पहिले उदाहरण रेडिओलहरींच्या साहाय्याने चेतेचा नेमका भाग तापविण्याचे होय. चेहऱ्याच्या तीव्र चेताशूळावर विल्यम स्वीट व जेम्स वेप्सिक यांनी १९७४ मध्ये या पद्धतीचे विस्तृत विवरण प्रसिद्ध केले. पाठदुखीच्या काही प्रकारांत प्रथम भुलीचे औषध टोचून दुखणे त्याच चेतेतून येते याची खात्री करतात आणि मगच ती चेता सुमारे ८० अंशांपर्यंत तापवितात. तासांचा आराम अशा रीतीने महिन्यांवर जातो. पण तो चेतातंतू जाळून मिळविलेला असतो. दुसरे उदाहरण बोस्टन येथील डॅनियल कोहेन यांच्या प्रयोगशाळेतील आहे. अंग फुगविणाऱ्या विषारी माशांत आढळणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष अत्यल्प मात्रेत वापरून दीर्घ चेतारोध साधण्याचा अभ्यास तेथे १९९० च्या दशकापासून झाला. पुढे २०१६ मध्ये, उष्णतेस संवेदनशील असलेल्या मेदगोलकांना सोन्याचे सूक्ष्म कण जोडून, बाहेरून प्रकाशकिरण टाकताच ते कण तापावेत व भूल पुन्हा सुटावी, अशी योजना उंदरांवर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. ही पद्धत प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली असून ग्रामीण रुग्णालयातील उपचाराशी तिची तुलना करता येणार नाही.

माशाचा काटा आणि विंचवाची नांगी

खाडीकाठच्या व डोंगराकडच्या दंशांची तुलना केल्यास उष्णतेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पाकट, शिंगाळा यांसारख्या माशांचे विष मोठ्या आकाराच्या प्रथिनांचे असते व ती प्रथिने उष्णतेने निकामी होतात. म्हणून जखम झालेला हात अथवा पाय सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या, गरम पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे बुडवून ठेवण्याचा उपाय जगभर मान्य झाला आहे. विष खोल ऊतींत पोचल्यावर पाण्याची उष्णता तेथवर किती जाते, यावर मतभेद आहेत. उष्णतेच्या संवेदनेने वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यातच अडविला जात असावा, असे स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांच्या १९६५ च्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्ताच्या आधारे दिले जाते. कारण कोणतेही असले तरी वेदना कमी होते, हा अनुभव निर्विवाद आहे.

विंचवाचे विष वेगळ्या घडणीचे आहे. त्यातील महत्त्वाची प्रथिने आकाराने लहान असून गंधकाच्या बंधांनी घट्ट जखडलेली असतात. त्यामुळे अंगास सोसेल अशा उष्णतेने ती मोडत नाहीत. एकाच गावात खाडीवर गुणकारी ठरलेला शेक टेकडीवर निष्फळ का ठरतो, याचा उलगडा येथे होतो. डाग देण्याने तर एका जखमेत दुसरीची भर पडते.

उष्णता व चेतारोध एकत्र वापरताना आणखी एक सावधगिरी आवश्यक ठरते. माशाचा काटा काढण्यासाठी बोटाची अथवा पायाची चेता बधिर केल्यानंतर रुग्णास गरम पाण्याचा चटका कळत नाही. पाणी अधिक तापलेले असले तरी तो तक्रार करीत नाही आणि बधिर अवयव भाजतो. म्हणून पाण्याची ऊब निरोगी हाताने पाहावी आणि बधिर अवयव गरम पाण्यात ठेवताना विशेष दक्षता घ्यावी, असा दंडक आहे. वेदना ही शरीराची राखणदार असते, याचा प्रत्यय येथे येतो.

एकाच दारावरील दोन द्रव्ये

कोकणात आढळणारा तांबडा विंचू प्राणिशास्त्रात पूर्वी ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ व आता ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ या नावाने ओळखला जातो. दिसण्यात भयंकर असलेल्या काळ्या इंगळीपेक्षा आकाराने लहान असलेला हा विंचू कितीतरी अधिक घातक आहे. चेतातंतूंवरील सोडियमच्या मार्गिका क्षणभर उघडून मिटत असतात. त्यांच्या उघडझापीनेच संदेश पुढे जातो. या विंचवाच्या विषातील काही प्रथिने त्या मार्गिका वेळेवर मिटू देत नाहीत. त्याच विषातील आयबेरिओटॉक्सिन हा घटक पोटॅशियमच्या विशिष्ट मार्गिका बंद करतो. त्याचे वर्णन १९९० मध्ये झाले व पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत तो संशोधनाचे साधन बनला. चेतातंतू अशा रीतीने पुन्हापुन्हा उद्दीपित होतात आणि वेदनेचा संदेश थांबत नाही.

लिग्नोकेन याच सोडियम मार्गिका बंद करते. एक द्रव्य दार उघडे धरते, दुसरे ते लावून घेते. दंशाच्या जागी अथवा बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन टोचल्यावर वेदना का थांबते, याचे हे कारण होय. परंतु लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तासांत उतरतो आणि विष मात्र तेथेच असते. पुन्हा टोचावे, तर मात्रेची मर्यादा आड येते. अशा वेळी भूल लांबविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि ब्राउन यांच्यापासून चालत आलेला सर्वांत सोपा मार्ग ॲड्रेनालिन मिसळण्याचा आहे.

येथेच धोका दडलेला आहे. बोटांच्या चेतारोधात ॲड्रेनालिन वापरू नये, कारण रक्तपुरवठा तुटून बोट मरेल, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ सांगितले जाई. गेल्या काही दशकांतील हस्तशल्यचिकित्सेच्या अनुभवाने ही भीती बरीच दूर केली आहे. तथापि तांबड्या विंचवाच्या दंशात प्रश्न बोटापुरता नसतो. त्याच्या विषाने रुग्णाच्या शरीरातच ॲड्रेनालिन व तत्सम द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. अशा रुग्णास बाहेरून आणखी ॲड्रेनालिन देणे अनुचित होय. अन्यत्र चेतारोध लांबविणारे उत्तम मिश्रण या ठिकाणी वर्ज्य ठरते.

विंचवाचे विष आणि भूल यांच्या नात्याची आणखी एक बाजू भूलतज्ज्ञ मृदुल पंडितराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’ या नियतकालिकातून मांडली. पूर्वी विंचू चावलेल्या रुग्णांत स्थानिक भुलीची औषधे अपेक्षेप्रमाणे चढत नसल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदविले आणि सोडियम मार्गिकांत घडणाऱ्या बदलाची शक्यता सुचविली. रुग्णसंख्या अल्प असल्यामुळे हे अनुमान अंतिम मानता येत नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी ‘कधी विंचू चावला होता काय?’ असे विचारणे कोकणात अप्रस्तुत ठरणार नाही.

बिरवाडी ते महाड

कासूवरून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग पुढे महाडला पोचतो. विंचूदंशाच्या आधुनिक उपचाराचा इतिहास याच जिल्ह्याच्या त्या टोकास घडला. जालना जिल्ह्यातून आलेले व नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते १९८१ मध्ये रायगड झाले. विंचूदंशाने धडधाकट माणसे व मुले काही तासांत दगावतात, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. पी. एम. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून अशा मृत्यूंकडे लक्ष वेधले होते, तरी उपचाराची निश्चित दिशा सापडलेली नव्हती.

डॉ. बावस्कर यांनी रुग्णांच्या शेजारी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी गंभीर विषबाधेची पूर्वलक्षणे सांगितली. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, तोंडास सुटलेले पाणी आणि पुरुषांत लिंगाचा ताठरपणा ही ती लक्षणे होत. त्यांच्या निरीक्षणांतील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. ज्या रुग्णास दंशाच्या जागी भयंकर वेदना होते आणि इतर लक्षणे नसतात, तो बहुधा सुखरूप राहतो. ज्याच्या जिवास धोका असतो, त्याची स्थानिक वेदना कित्येकदा सौम्य असते. सर्वांत मोठ्याने ओरडणारा रुग्ण सर्वांत गंभीर असतो, या समजुतीस यामुळे तडा गेला.

मृत्यूचे कारण हृदय व रक्ताभिसरणाशी निगडित आहे हे कळल्यावर त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग केला. पण हे औषध शिरेतून देताना रक्तदाबावर अखंड देखरेख लागते व खेड्यात ते कठीण होते. त्यानंतर त्यांनी प्राझोसिन या गोळीकडे मोर्चा वळविला. रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहकांवर ॲड्रेनालिनसदृश द्रव्ये कार्य करतात, ते ग्राहक ही गोळी रोखते. डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यासंबंधीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते, ते या उपचाराने अगदी थोड्यावर आल्याचे त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते. स्वस्त, तोंडाने देता येणारी आणि प्राथमिक केंद्रातील कोणाही डॉक्टरास वापरता येणारी गोळी, हे या उपचाराचे खरे सामर्थ्य होते.

पुढे हाफकिन संस्थेच्या परंपरेतून विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले. महाड येथे ७० रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. केवळ प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन व प्रतिविष एकत्र दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या उपचारक्रमात स्थानिक भुलीस जागा आहे, पण ती दुय्यम आहे. बर्फाचा शेक, वेदनाशामक गोळी आणि गरज भासल्यास ॲड्रेनालिनविरहित लिग्नोकेनचे इंजेक्शन यांनी रुग्णास आराम द्यावा. तीव्र वेदना स्वतःच हृदयाची गती व रक्तदाब वाढविते, म्हणून तो आराम उपेक्षणीय नाही. मात्र इंजेक्शनपूर्वी नाडी, रक्तदाब, घाम व हातापायांची ऊब यांची नोंद झाली पाहिजे आणि वेदना थांबल्यानंतरही रुग्ण देखरेखीखाली राहिला पाहिजे. बधिरता जितकी दीर्घ, तितका रुग्ण ‘बरा झाला’ असे वाटून घरी पाठविला जाण्याचा संभव अधिक. दीर्घ चेतारोधाचा हा धोका औषधाच्या वेष्टनावर छापलेला नसतो.

समारोप

चेतारोधाचा काळ वाढविण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात दोरी, ॲड्रेनालिन, दीर्घजीवी औषधे, मिश्रणे व उष्णता असे टप्पे दिसतात. उष्णतेने भूल लवकर चढते, त्वचेतून औषध आत जाण्यास साहाय्य होते आणि तीव्र उष्णतेने चेताच निकामी करता येते. परंतु साध्या उबेने चेतारोध लांबतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. माशाच्या काट्यावर गरम पाणी गुणकारी आहे, विंचवाच्या नांगीवर नाही. ॲड्रेनालिनची जोड शस्त्रक्रियेत उपकारक आहे, तांबड्या विंचवाच्या दंशात नाही. प्रत्येक साधनाचे मोल विषाच्या प्रकृतीवर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.

मांत्रिकाने विंचू उतरविला असे लोक म्हणत, तेव्हा वेदना उतरलेली असे. भुलीचे इंजेक्शनही वेदनाच उतरविते, फक्त अधिक खात्रीने. विष उतरले की नाही, हे रुग्णाच्या थंड पडलेल्या अथवा उबदार राहिलेल्या हातापायांवरून व नाडीवरून ओळखावे लागते. ही ओळख रायगड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली आणि तिचा लाभ विंचूदंशाने ग्रस्त असलेल्या अनेक प्रदेशांना मिळाला. कासूसारख्या गावातील रुग्णाच्या दृष्टीने या इतिहासाचा व्यावहारिक अर्थ असा, की दंशानंतर शेक, डाग व दोरी यांत वेळ न दवडता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे, आणि तेथे वेदना थांबली तरी डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत तेथून निघू नये.